उरलेल्या सत्तर टक्क्यांचं काय?

माझ्या मामूंच्या उजव्या हाताचा अंगठा कुर्ल्यातल्या एका कारखान्यात पॉवरप्रेसखाली गेला. तेव्हा वय पंचेचाळीस, गाठीला वीस वर्षांची कारागिरी. मालकाने काही हजार रोख हातावर ठेवले आणि पुढच्या महिन्यात मशीनवर नवा पोरगा बसवला.

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचं परिशिष्ट सांगतं की अंगठा गेला म्हणजे कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली. म्हणजे ७० टक्के शाबूत आहे, हे कायद्यालाही मान्य. मग त्या ७० टक्क्यांना काम मिळवून देणं कोणाकडे? कोणाकडेच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सरकारी नोकऱ्यांमधलं ४ टक्के आरक्षण ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतं. डॉक्टरांच्या मोजपट्टीवर मामू त्याच्या आतच राहिले. मी सॉफ्टवेअर लिहितो. 'चाळीसपेक्षा कमी, अपात्र' ही अट लिहायला मला एक ओळ पुरते. म्हणूनच तिची भीती वाटते.

बरं, चाळीस भरले असते तरी काय? कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. तरतूद चांगली आहे, पण सरकारी आस्थापनांपुरती. खासगी मालकांसाठी कलम ३५ मध्ये नुसतं प्रोत्साहन, तेही सरकारच्या ऐपतीप्रमाणे. सरकारी नोकरीत मुसलमान किती कमी आहेत हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं. आपली माणसं गाळ्यांत आणि कारखान्यांत आहेत. बोटं तुटतात तिथे हा कायदा पोचतच नाही.

एस्टोनियासारख्या छोट्या देशात २०१६ पासून माणसाची काम करण्याची क्षमता तपासतात. ती अंशतः उरली असेल तर रोजगार कार्यालय कामावर सोबत करणारा सहायक देतं, लागणारी साधनंही देतं. आपल्याकडे दाखला देतात.

आणि आपण काय केलं? रमजानमध्ये मोहल्ला कमिटीने मामूंच्या घरी रेशनचं किट पोचवलं, वर फोटो काढला. मामू आतल्या खोलीत गेले ते इफ्तारपर्यंत बाहेर आले नाहीत. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम अंध होते. पैगंबरसाहेब मदिनेबाहेर जाताना शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. ही गोष्ट आपण बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन किट वाटतो.

दहा किटांच्या पैशांत एक माणूस नेमा, जो गाळ्यागाळ्यात जाऊन मालकांशी बोलेल. जकात अशा पगारावर चालते का, हे मौलानांनी ठरवावं. चालत नसेल तर सदका आहे, माझं इन्क्रिमेंट आहे. मामूंना मालाची तपासणी येते, व्हर्नियर डाव्या हाताने धरता येतो. मालकाला हे सांगायला आजवर कोणी गेलेलं नाही. मीही नाही.