पडद्याची दोरी कोणाच्या हाती?

चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी आणि बिल्ल्यावर घातलेली बंदी जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला बऱ्याच अंशी स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा नको, पण हिजाब, टोपी किंवा बिल्ला घालणाऱ्यांना अडवू नका, असा तो अंतरिम आदेश होता. टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्यांनाही तुम्ही अडवणार का, असा प्रश्नही खंडपीठाने महाविद्यालयाला विचारला. दाद मागणाऱ्या मुली विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेत होत्या. वाद पेटला तो कापडावर. त्यांचा अभ्यास बाजूलाच पडला.

असा वाद उठला की चार ठरावीक म्हणणी कानी येतात. पडदा हा देवाचा हुकूम आहे. पडद्यामुळे बाई सुरक्षित राहते. पडदा ही गुलामी आहे, म्हणून तो कायद्याने बंद करा. आणि चौथे, ही तिची स्वतःची निवड आहे, इतरांनी त्यात तोंड घालू नये. ही चारही म्हणणी मला अमान्य आहेत. कापड काढल्यावर किंवा घातल्यावर त्या बाईला काय भोगावे लागते, हे यांतले एकही म्हणणे विचारत नाही. म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

आधी देवाच्या हुकमाचे. बाईचे डोके झाकण्याची सक्ती कोणत्याही एका धर्माने जन्माला घातलेली नाही. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या असिरियातल्या मातीच्या पाट्यांवर कायदे कोरलेले सापडले आहेत. मुक्त पुरुषांच्या बायका, विधवा आणि मुली यांनी रस्त्यावर डोके झाकलेच पाहिजे, वेश्येने आणि दासीने झाकताच कामा नये, असे त्यांत बजावले आहे. डोके झाकून फिरणारी वेश्या सापडली तर तिला काठीचे पन्नास फटके आणि डोक्यावर डांबर. दासी सापडली तर तिचे कान कापायचे. पाहूनही जो पुरुष तक्रार करणार नाही, त्यालाही फटके. इस्लाम तेव्हा दीड हजार वर्षांहून अधिक दूर होता. त्या कापडाचा भक्तीशी काही संबंध नव्हता. कोणती बाई पुरुषाच्या छत्राखाली आहे आणि कोणती बाजारात उघडी सोडलेली आहे, हे रस्त्यावर ओळखू यावे एवढ्यासाठी ते होते. पुढे संत पॉलने करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईने प्रार्थनेच्या वेळी डोके झाकावे असे सांगितले. म्हणजे ही चाल धर्माधर्मांतून वाहत आली आणि प्रत्येकाने तिला आपापले कारण जोडले.

कुराणापुरते बोलायचे तर चोविसाव्या सूऱ्यात स्त्रियांनी ओढणीने छाती झाकावी अशी आयत आहे. तिच्या आधीची, तिसावी आयत मात्र पुरुषांना उद्देशून आहे आणि त्यांनी नजर खाली ठेवावी असे सांगते. चेहरा झाकायचा की नाही, यावर धर्मशास्त्र जाणणाऱ्यांत शतकानुशतके मतभेद आहेत. हजला गेलेल्या स्त्रीने इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत असताना, तोंडावर नकाब बांधू नये असा तर दंडकच आहे. जगभरचे पुरुष एकत्र येतात त्या मक्केत जो चेहरा उघडा चालतो, तो आपल्या गल्लीत उघडा राहिला तर धर्म कसा बुडतो? श्रद्धेने डोके झाकणाऱ्या बाईचा मी आदरच करीन. पण तिच्या श्रद्धेचा अर्थ लावायचा मक्ता पुरुषांनी स्वतःकडे घ्यावा आणि त्याला देवाची सही जोडावी, हे मान्य करता येणार नाही.

हिंदू वाचकांनी इथे मान डोलावून सुटका करून घेऊ नये. मोठ्या मराठा घराण्यांत गोषा पाळला जात होता. राजस्थान-हरयाणात आजही सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर सून घुंगट ओढते. आपल्याकडे ब्राह्मणांत विधवेचे केशवपन करून तिच्या बोडक्या डोक्यावरून तांबडे आलवण ओढले जाई. ते आलवण तिने निवडलेले नसे, आणि ते उतरवण्याची मुभाही तिला नसे. त्यालाही शास्त्राचाच आधार दिला जात होता. आलवण गेले, आणि त्याने धर्म बुडाला नाही.

दुसरे म्हणणे सुरक्षेचे. त्याला रुकय्या सखावत हुसेन यांनी फार पूर्वी उत्तर दिले आहे. बंगालमधल्या या लेखिकेने ‘अवरोधवासिनी’ या 1931 मधल्या पुस्तकात गोषातल्या स्त्रियांच्या 47 हकिकती दिल्या आहेत. त्यांतली एक त्यांच्या दूरच्या नात्यातल्या मामेसासूबाईंची आहे. त्या भागलपूरहून पाटण्याला निघाल्या होत्या. सोबत फक्त एक मोलकरीण. किऊल स्टेशनवर गाडी बदलताना घोळदार बुरख्यात पाय अडकला आणि त्या गाडी नि फलाट यांच्या मधल्या फटीत पडल्या. हमाल धावून आले, त्यांना उचलायला वाकले. मोलकरणीने सगळ्यांना मागे सारले: बीबीसाहेबांना कोणी हात लावायचा नाही. ती एकटी ओढत राहिली, पण तिच्याने काही त्या बाहेर निघेनात. अर्धा तास वाट पाहून गाडी सुटली. त्या चिरडल्या गेल्या आणि अकरा तासांनी वारल्या. फलाटावर मदतीला तयार असलेले एवढे हात होते, त्यांतला एकही त्यांच्यापर्यंत पोचू शकला नाही. मोलकरीण दुष्ट नव्हती. तिला जे शिकवले गेले होते, ते तिने इमानाने पाळले.

सुरक्षेची भाषा बोलणाऱ्यांनी या हकिकतीसमोर थोडा वेळ थांबावे. परपुरुषाचा स्पर्श हे मरणाहून मोठे संकट मानायचे आणि त्याला बाईची सुरक्षा म्हणायचे, हा कुठला न्याय? छेडछाड करणारा पुरुष आहे, तर बंदोबस्त त्याचा व्हायला हवा. नजर त्याची आणि जाडजूड कापड मात्र तिच्या अंगावर, ही वाटणीच मुळात खोटी आहे.

तिसरे म्हणणे पडदाविरोधकांचे. पडद्यामागे गुलामी असू शकते, हे मी वर सांगितलेच आहे. पण बंदीने ती गुलामी सुटत नाही, हे इराणने दाखवून दिले आहे. जानेवारी 1936 मध्ये रझाशाहने फर्मान काढून पडद्यावर बंदी घातली. पोलिसांनी भर रस्त्यात बायकांच्या चादरी ओढून काढल्या. परिणाम काय झाला? कितीतरी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणेच सोडले, आणि अनेक बापांनी मुलींची शाळा बंद केली. मे 1958 मध्ये अल्जीयर्समध्ये फ्रेंच अमलाच्या समर्थनार्थ जाहीर समारंभात अल्जीरियन स्त्रियांचे पडदे उतरवले गेले. त्यावर ज्या बायकांनी पडदा कधीच सोडून दिला होता, त्यांनीही तो मुद्दाम पुन्हा घेतला, असे विचारवंत फ्रांत्झ फॅनॉनने नोंदवले आहे. सत्तेने हिसकावलेले कापड असे निषेधाचे निशाण बनते, आणि घरातल्या जुलमाला आयतीच ढाल मिळते.

आपल्याकडे फेब्रुवारी 2022 मध्ये काय घडले? उडुपीच्या एका सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात सुरू झालेला हिजाबचा वाद कर्नाटकभर पसरला, आणि 5 फेब्रुवारीला राज्य सरकारने गणवेशाचा आदेश काढला. मंड्याच्या एका शाळेच्या फाटकाबाहेर मुलींना हिजाब उतरवायला लावतानाची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. पालक विनवत होते, वर्गात गेल्यावर काढतील, निदान आत तरी जाऊ द्या. पण फाटकाबाहेरच, रस्त्यावर, लोकांदेखत काढायला लावले गेले. ज्या मुलीला तुम्ही जुलमाची बळी मानता, तिलाच शिक्षा करून तिला सोडवल्याचा दावा करता! मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल परस्परविरुद्ध आला. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाला सगळ्यात वर स्थान दिले. हिजाब ही धर्माची अत्यावश्यक बाब आहे की नाही, हा कीस काढण्याची गरजच नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला ती मूळ मुद्द्याला हात घालणारी वाटते.

आता चौथे म्हणणे: ही तिची निवड आहे. ऐकायला हे सगळ्यात सोज्वळ वाटते. पण निवड म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या असणे. पुण्यात दुचाकीवरून जाणारी मुलगी पाहा. तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, हातांत कोपरापर्यंत मोजे. चेहऱ्याचा कणही दिसत नाही. कॉलेजात पोचल्यावर ती गाडी स्टँडवर लावते, स्कार्फ सोडते, डिकीत टाकते आणि केस सारखे करीत आत जाते. ऊन आणि धूळ टाळायला, कधी ओळखीच्या काका-मामांची नजर चुकवायलाही तो स्कार्फ कामी येतो. त्याला कोणी गुलामी म्हणत नाही, कारण तो कधी बांधायचा आणि कधी सोडायचा हे ती ठरवते. एके दिवशी तो न बांधता निघाली, तर घरी तिच्या थोबाडीत बसत नाही.

आता इराण पाहा. मार्च 1979 मध्ये हिजाबची सक्ती येणार असे दिसताच तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. तरीही 1983 च्या कायद्याने डोके न झाकणाऱ्या बाईला 74 फटक्यांची शिक्षा ठरवली. सप्टेंबर 2022 मध्ये 22 वर्षांच्या महसा अमिनीला ‘नीट’ हिजाब न घातल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि तीन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. अफगाणिस्तानात मे 2022 मध्ये तालिबानने बायकांनी चेहरा झाकण्याचे फर्मान काढले. तोवर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद करून झाल्या होत्या. तिथल्या बाईला ‘ही तुझी निवड’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. आपल्या गल्लीतल्या मुलीलाही, तिने बुरखा सोडल्यास तिचे कॉलेज सुटणार असेल, भाऊ बोलणे टाकणार असेल, तर निवडीची भाषा तिच्यापुरती पोकळ आहे. म्हणूनच ‘तुम्ही बोलू नका’ हा सल्ला मला मान्य नाही. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तेव्हाही ‘ही समाजाची आतली बाब आहे’ असेच सांगितले जात होते. ते गप्प राहिले असते, तर तलाकपीडित बायकांचे गाऱ्हाणे कोणाच्या कानी गेले असते?

खंडन झाले. आता माझे म्हणणे मांडते.

पडद्याचा अर्थ कापडात नाही आणि नुसता पोथीतही नाही. तो ठरतो दोन प्रश्नांनी: आज तिने ते काढले तर तिच्यावर काय गुदरते? आणि आज तिने ते घातले तर काय गुदरते? दोन्हींचे उत्तर ‘काही नाही’ असेल, तर ते केवळ तिचे वस्त्र आहे आणि त्यावर लेख लिहिण्याचे कारण नाही. पहिल्याचे उत्तर मार, बदनामी किंवा तुरुंग असेल, तर तो जुलूम आहे, मग तो घरचा असो की सरकारचा. दुसऱ्याचे उत्तर शाळेतून हकालपट्टी असेल, तर तोही जुलूमच आहे.

रुकय्यांना हा फरक नेमका कळला होता. साध्या बुरख्याच्या बाजूने त्यांनी लिहिले आहे, आणि बाईला घरात कोंडणाऱ्या अवरोधावर आयुष्यभर प्रहार केले आहेत. बुरखा घालून का होईना, मुलगी शाळेत आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. 1911 मध्ये त्यांनी कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. मुलींना आणणारी बस पालकांच्या समाधानासाठी चहूबाजूंनी बंद केलेली असे. आतल्या काळोखात आणि उकाड्यात मुली ओकत, बेशुद्ध पडत, लहानग्या रडत. म्हणून झडपा उघडून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात आणि बस बेपर्दा होते, अशी धमकावणारी पत्रे आली. पत्र लिहिणाऱ्यांना मुलींचा गुदमरलेला श्वास दिसला नाही, उडणारे पडदे तेवढे दिसले. रुकय्यांनी शाळा बंद केली नाही.

इकडे बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी राजघराण्याचा पडदा सोडला, आणि 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. एकीने पडदा सांभाळून, दुसरीने तो टाकून काम केले. मुलींचे शिक्षण हे दोघींचेही ध्येय होते.

म्हणून मागण्या सरळ आहेत. डोक्यावर कापड आहे किंवा नाही, या कारणाने कोणत्याही मुलीला शाळेच्या वा कॉलेजच्या दारात अडवू नये. ओळख पटवायची असेल तिथे चेहरा दाखवायलाच हवा. त्यासाठी मतदान केंद्रावर नेमतात तशी महिला कर्मचारी परीक्षेच्या दारातही नेमता येते. घरात धमकावून, मारहाण करून बुरखा, घुंगट किंवा पदर लादला जात असेल, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या हाताशी आहे; तिथपर्यंत तिला पोचवणे हे शिक्षकांचे, शेजाऱ्यांचे आणि संघटनांचे काम आहे. ग्रामसभेत निवडून आलेली सरपंच पदराआड बसणार आणि तिचा नवरा कारभार बोलणार, हे चालवून घेऊ नये. आणि इराणच्या बायकांसाठी जे बोलतात त्यांनी उडुपीच्या मुलींसाठीही बोलावे, उडुपीसाठी बोलणाऱ्यांनी तेहरानसाठीही. एका ठिकाणी गप्प बसणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्याचे नाव घेण्याचा हक्क नाही.

मुलीला आधी वर्गात बसू द्या, तिच्या हातात पदवी आणि स्वतःची कमाई येऊ द्या. मग डोक्यावरच्या कापडाचे काय करायचे ते ती ठरवील. तिने ते कसेही ठरवले तरी तिच्या वाटेत आपण उभे राहणार नाही, एवढे ठरवणे मात्र आपल्याकडे आहे, आणि ते आजच ठरवता येण्याजोगे आहे.