छत्तिसाचा आकडा

छायाचित्रणाच्या फिल्मचा विषय वृत्तपत्राच्या पानावर आणणे म्हणजे, ज्या देशात खिशाखिशातून कॅमेरा वावरतो आणि त्यात दहा चित्रे टिपली काय किंवा दहा हजार टिपली काय, खर्चाच्या बाजूला छदामही पडत नाही, त्या देशात मूठभर शौकिनांचे गाऱ्हाणे वेशीवर टांगणे होय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मी सर्वस्वी अमान्य करणार नाही. तथापि गेल्या महिन्यात मुंबईच्या कोटातल्या एका जुन्या दुकानात छत्तीस चित्रांच्या साध्या रंगीत रोलसाठी हजारावर रुपये मोजून, आणि ‘दोनपेक्षा अधिक मिळणार नाहीत, साहेब’ ही दुकानदाराची अटही निमूटपणे पत्करून मी पायऱ्या उतरलो, तेव्हा या किमतीचा जमाखर्च एकदा तरी नीट मांडून पाहावा असे मनाने घेतले. आणि तो मांडू लागलो तसतसे, आम्ही मंडळी ज्याच्या नावाने बोटे मोडतो तो खरा अपराधी नव्हेच, असे ध्यानात येत गेले.

ज्यांनी गेल्या शतकाचे शेवटचे दशक जाणतेपणी पाहिले आहे त्यांना रोल ही काय चीज होती हे सांगावयास नको. शंभर रुपयांच्या आगेमागे तो तालुक्याच्या गावी स्टुडिओत मिळे, तसाच स्टेशनरीच्या दुकानातही मिळे. घरात एखादाच आणला जाई आणि अर्धा बारशाला, उरलेला दिवाळीला अशी त्याची वाटणी होई. भरणाऱ्याचा हात काटकसरी असला तर छत्तिसांच्या जागी सदतीस, क्वचित अडतीस चित्रे पदरात पडत, आणि शेवटची दोन-तीन रेंगाळली म्हणजे, रोल एकदाचा धुवायला टाकता यावा म्हणून, दारातल्या कुत्र्याला नाहीतर शेजारच्या काकूंना उभे करून ती उरकली जात. रोल संपला तरी त्याची काळी डबी संपत नसे. तीत चुना, जायफळ, देवाच्या फुलवाती, मुलांची सुटी नाणी अशी नाना बिऱ्हाडे पुढे वर्षानुवर्षे नांदत. आज त्या डब्या बऱ्याच घरांत सापडतील. रोल मात्र सापडणार नाही.

भाव असा का चढला म्हणून विचारावे तर विक्रेता सराफबाजाराकडे बोट दाखवतो. फिल्मवरचा लेप चांदीच्या क्षारांचा असतो आणि चांदीचा भाव २०२५ साली किलोला लाखाची पायरी ओलांडून गेला, हे दोन्ही खरे. त्यामुळे कार्यकारणभाव आपसूक जुळल्यासारखा वाटतो. या युक्तिवादाला इतिहासाचा आधारही आहे. १९८० च्या जानेवारीत, टेक्सासच्या हंट बंधूंनी जगातली चांदी मुठीत घेण्याचा उद्योग आरंभल्यामुळे, तिचा भाव औंसाला पन्नास डॉलरांच्या घरात गेला होता आणि फिल्मच्या कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले होते. परंतु हिशेबच करावयाचा तर तो पुरता करावा. छत्तीस चित्रांच्या एका रोलमध्ये पुरता अर्धा ग्रॅमही चांदी नसते. ती अर्धा ग्रॅम धरली आणि भाव किलोला दोन लाख धरला, तरी चांदीचे मोल शंभर रुपयांवर जात नाही. मग उरलेले नऊशे कशाचे? जकातीचे काही, वाहतुकीचे काही, मधल्या हातांचे काही. आणि बराच मोठा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या गर्दीचा, जी आता राहिलेली नाही.

हे नीट कळावयाचे तर फिल्म तयार होते कशी ते पाहिले पाहिजे. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यावर, संपूर्ण काळोखात, जिलेटिनात कालवलेल्या क्षारांचे थर चढवावयाचे. रंगीत फिल्मला असे डझनभर थर, आणि त्या सगळ्यांची मिळून जाडी माणसाच्या केसाहूनही कमी. जिलेटिन येते जनावरांच्या हाडाकातड्यांतून, आणि त्याची तऱ्हा इतकी विलक्षण की, काही जिलेटिनांनी फिल्म तेज होते आणि काहींनी मंद, याचे कोडे कित्येक वर्षे कोणाला सुटत नव्हते. अखेर १९२० नंतरच्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड या रसायनज्ञाने शोधून काढले की, ज्या गुरांच्या चरण्यात मोहरीसारख्या वनस्पती आल्या त्यांच्या जिलेटिनात गंधकाचा सूक्ष्म अंश उतरतो आणि तोच क्षारांना प्रकाशाविषयी हळवे करतो. (फोडणीतल्या मोहरीला आपण आजवर कमी लेखले, एवढाच निष्कर्ष मी यातून काढला.) असा हा नाजूक पदार्थ, आणि तो लेपण्याचे यंत्र मात्र राक्षसी. सव्वा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पट्टा लेपून काढला तर त्यातून एकवीस हजारांवर रोल कापून निघतात, आणि एवढे अंतर तोडावयास यंत्राला काही मिनिटे पुरतात. शंभर रोलांची मागणी आली म्हणून त्याला शंभरच रोल काढावयास सांगता येत नाही. यंत्र सुरू करून लेप एकसारखा बसेपर्यंत जो माल वाया जातो, तोच त्या शंभर रोलांपेक्षा किती तरी अधिक भरेल.

येथेच फिल्म आणि इतर जुन्या वस्तू यांच्या वाटा वेगळ्या होतात. पैठणीचे गिऱ्हाईक उद्या दहापट घटले तरी येवल्यात एखादा विणकर, एखादा माग आणि एखादी धनिक वधू असेपर्यंत पैठणी विणली जाईल. हातकागदाचेही तसेच, वीणा-तंबोऱ्याचेही तसेच. फिल्म एकट्याला करता येत नाही. आरंभी हे असे नव्हते. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाचे जे मंडळ निघाले, आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे विद्वान ज्याचे सभासद होते, त्या काळचा छायाचित्रकार आपली काच आपणच कलोडियनने माखी, ओली असतानाच तिच्यावर चित्र घेई आणि लगोलग तंबूत शिरून ती धुई. हात काळे होत, पण तो कोणाच्या कारखान्याचा मिंधा नव्हता. पुढे कारखान्यात लेपलेल्या सुक्या काचा आल्या, १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने शंभर चित्रांची गुंडाळी आत भरलेला कॅमेराच बाजारात आणला, आणि सोय व स्वातंत्र्य यांची जी अदलाबदल त्या वेळी झाली तिचे बिल आपल्या हाती आज पडत आहे.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांच्याइतका स्वावलंबी कारागीर आपल्याकडे क्वचितच झाला असेल. पटकथा त्यांची, देखावे त्यांचे, धुलाई आणि छपाई घरची. १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यम्सन कॅमेरा आणला. कोरी फिल्म कडेच्या छिद्रांवाचून येत असे म्हणून छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले, आणि घरची सगळी कामे आटोपल्यावर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून ती छिद्रे पाडीत. ‘राजा हरिश्चंद्र’ असा उभा राहिला. परंतु ज्या पट्टीला सरस्वतीबाई छिद्रे पाडीत होत्या ती पट्टी विलायतेहूनच आलेली होती. तेवढी एक वस्तू त्या घरात होणे शक्य नव्हते.

तेव्हा आजच्या रोलचा भाव ठरतो तो आपल्यासारख्या निष्ठावंतांच्या संख्येवरून नव्हे, तर निघून गेलेल्यांच्या संख्येवरून. लग्नाचे फोटो काढणारे गेले, सहलीला जाणारे गेले, पारपत्राचे फोटो काढणारे गेले, इस्पितळांचे क्ष-किरण विभाग पडद्यावर गेले आणि चित्रपटगृहांतून रिळांच्या पेट्या हद्दपार झाल्या. फुजीच्या कारखानदारांनीच सांगितले आहे की, जगातली रोलची मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती आणि दहा वर्षांत ती दशांशाखाली उतरली. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षे चाललेले कोडाक्रोम बंद झाले होते; त्याचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराच्या हाती देण्यात आला आणि त्यातली काही चित्रे त्याने मुंबईत येऊन आपल्या सिनेनटांची घेतली. पुढे २०१५ साली हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी, काही हट्टी दिग्दर्शकांच्या आग्रहाखातर, कोडॅककडून चित्रपटाची फिल्म घेत राहण्याचे करार केले नसते, तर आपल्या कॅमेऱ्यातला रंगीत रोलही बहुधा संपुष्टात आला असता. आपण ज्या कलेला एकांतसाधना म्हणून मिरवतो तिचा प्राण असा परक्यांच्या गर्दीत अडकलेला आहे.

आता आपल्या देशाविषयी. १९६० सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या वास्तूत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि त्याच वर्षी निलगिरीत, उटकमंडला, हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. थंड आणि निर्धूळ हवा म्हणून ती जागा, तंत्र फ्रान्सच्या बोशे कंपनीचे, आणि १९६७ पासून प्रत्यक्ष उत्पादन. मालाचे नाव ‘इंदू’. जुन्या रसशास्त्रात चांदीला चंद्राचेच नाव आहे. नामकरण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हे मनात होते की नाही कोण जाणे, पण सरकारी कचेरीतून इतके समर्पक नाव बाहेर पडल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. परदेशी मालावर आयात परवान्यांचा पहारा होता त्या काळात आमच्यापैकी अनेकांचा हात इंदूच्या कृष्णधवल फिल्मवरच बसला. तिला नावे ठेवणे हा तेव्हाचा रिवाज होता आणि मीही तो पाळला. आज तो मागे घ्यावासा वाटतो.

मग ही कंपनी बुडाली कशी? रंगीत फिल्मचे तंत्र तिच्या हाती नीट कधी लागलेच नाही, आणि १९९० च्या सुमारास पॉलिएस्टरवरील क्ष-किरण फिल्मचा एक अवाढव्य प्रकल्प कर्ज काढून हाती घेण्यात आला. तो पुरा होतो न होतो तोच आयात शुल्क उतरले आणि बाहेरचा माल आत आला. व्याज मुदलाला गिळू लागले. १९९६ मध्ये कंपनी ‘आजारी’ ठरली आणि त्यानंतर पुनरुज्जीवनाच्या दरखास्ती, शेरे, मुदतवाढी आणि अखेरीस स्वेच्छानिवृत्ती या सरकारी मार्गाने तिची यात्रा संपली. आकाराचा मोह तिला नडला, असे माझे मत आहे. कारण इंग्लंडमध्ये इलफर्डवर २००४ साली दिवाळे काढण्याचीच पाळी आली होती, पण पुढल्याच वर्षी तिच्या व्यवस्थापकांपैकी काहींनी चेशायरमधला कारखाना स्वतः विकत घेतला, रंगाचा नाद सोडला आणि आपण केवळ कृष्णधवलाचेच दुकान चालवू असे ठरवले. ते दुकान चालू आहे. इतकेच नव्हे, तर २०२३ च्या अखेरीस तेथून स्वतःची रंगीत फिल्मही बाहेर पडली. बोहेमियात फोमा हा कारखाना १९२१ पासून असाच बेताने राहिला आणि टिकला. उटकमंडला वेळीच अंथरूण पाहून पाय पसरले असते, तर आज जगात कृष्णधवल फिल्म करणाऱ्या थोडक्या गावांत निलगिरीतल्या एका गावाचे नाव असते, आणि तिथल्या काळोखात हाताच्या सवयीने काम करणाऱ्या कामगारांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच निवृत्त झाले नसते. आता कारखाना पुन्हा काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. ती वेळ गेली.

पण किमतीपेक्षाही मला अधिक बोचते ती अनिश्चितता. महाग वस्तूची माणूस सवय करून घेतो. छत्तीस चित्रे महिन्याऐवजी तिमाहीला घेतो आणि, खरे सांगावयाचे तर, काही वेळा अधिक विचार करून घेतो. जी वस्तू या महिन्यात आहे आणि पुढच्या महिन्यात असेल की नाही हे दुकानदारालाही ठाऊक नाही, तिच्यावर मात्र कोणते शिक्षण, कोणता व्यवसाय, कोणती दीर्घ चित्रमाला उभी करावयाची? २०२४ च्या नोव्हेंबरात कोडॅकचा रॉचेस्टरचा कारखाना यंत्रांच्या सुधारणेसाठी काही काळ थांबवण्यात आला. काम योग्यच होते, परंतु एका गावातली एक इमारत थांबली की मुंबई-पुण्याच्या फळ्या रिकाम्या होण्याचे भय उत्पन्न होते, आणि भय उत्पन्न झाले की साठेबाजी सुरू होते. आयातदाराला खपाची खात्री नाही म्हणून तो थोडा माल मागवतो. थोडा आला म्हणून आम्ही तो आल्या दिवशी उचलतो. आणि पुढचे तीन महिने गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून तो पुढल्या खेपेस आणखी थोडा मागवतो. या फेऱ्यात गरज कोणाची किती हे कोणालाच कळत नाही.

यावर एकच माफक तजवीज सुचवावीशी वाटते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, मुंबईचे सर जे. जे. कलामहाविद्यालय आणि जेथे जेथे छायाचित्रण शिकवले जाते त्या संस्थांनी वर्षाची आपली गरज एकत्र करून ती आगाऊ नोंदवावी, आणि शिक्षणासाठी आलेल्या तेवढ्या मालापुरती जकात सरकारने सोडावी. तिजोरीला त्याने भगदाड पडणार नाही. आयातदाराच्या हाती मात्र एक लेखी आकडा पडेल, आणि त्या आकड्याच्या आधाराने तो आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीही चार खोकी अधिक मागवील.

आम्हा गिऱ्हाइकांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. दोन रोलांची अट ज्याने मला ऐकवली त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात बरेच काही बोललो होतो. घरी येऊन ते दोन रोल ठेवण्यासाठी फ्रीजचे दार उघडले, तर लोणच्याच्या बरणीमागे आधीचे सात निघाले, आणि त्यांतल्या तिघांची मुदत मागच्या पावसाळ्यातच संपली होती.