वाळूखालचे धन

पायाळू माणसाला जमिनीतले गुप्तधन दिसते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आता पायाळूची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. चकती जमिनीवरून फिरवायची, यंत्र वाजले की खोदायचे. परदेशात समुद्रकिनाऱ्यांवर हा छंदच झाला आहे. घोड आणि भीमेच्या काठी असे यंत्र फिरवले तर नशीब उघडेल, असे म्हणणारे मित्र आपल्यातही आहेत. त्यांच्या उत्साहाबद्दल आदर बाळगूनही मला हा मार्ग पटत नाही.

यंत्राची शक्ती आधी पाहू. चकतीतल्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह खेळतो, त्याने जवळच्या धातूत प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र त्याची चाहूल घेते. खोली वाढली की ही चाहूल झपाट्याने मंदावते. एखादे नाणे साधारण वीतभर खोलीवर असेल तर ऐकू येते. त्यावर हात-दोन हात वाळू साचली की यंत्र मुके होते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच उपकरण वापरले. गोळी काही सापडली नाही. म्हणून किनाऱ्यावरचे जाणते शोधक वादळाने वाळू ओढून नेण्याची वाट पाहतात.

पण समजा, यंत्राला सगळे ऐकू आले. तरी ते ऐकणार काय? फक्त धातू! शिरूर तालुक्यातच घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव त्यातून उजेडात आले. शंभराहून अधिक घरे, जळून कोळसा झालेले धान्य, पाण्याचा पाट, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस, मस्तक नसलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा बैल! यातल्या एकाही वस्तूवर यंत्र वाजले नसते. तांबे सापडले, पण थोडे. आणि ते तांबेही कोणत्या थरात, कोणत्या घरात मिळाले हे नोंदवले गेले म्हणून बोलके झाले. थरातून उपटलेली बांगडी ही केवळ मोड; तिची किंमत तराजू सांगेल, इतिहास सांगणार नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचे निखात धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ च्या कायद्याने ठरवले. त्यामागचे कारण केवळ सरकारी हाव नव्हे.

मित्रहो, खरी चिंता आणखी वेगळीच आहे. वाळू सारे झाकते, पण झाकलेले सांभाळतेही. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळी लाटा वाळू नेतात आणि उघडिपीनंतर समुद्र ती पुष्कळशी परत आणतो. आपल्या नद्यांचे तसे नाही. वरच्या धरणांत वाळू अडते आणि खाली यंत्रांनी उपसा होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत वाळूउपशाच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. शंभर घनफुटांचा एक ब्रास याप्रमाणे ट्रक भरून पात्र शहरांकडे निघून गेले. वाळूबरोबर पाणी धरून ठेवणारा थर गेला, काठ ढासळले, आणि काठात काय दडले होते हे कुणी पाहिले? गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांना हे धन डोळ्यांसमोर लुटले जाताना दिसले नाही, कारण त्याची शीळ वाजत नाही.

तेव्हा यंत्र विकत घेण्यापेक्षा वही विकत घ्यावी. आपल्यापैकी बहुतेकजण नदीकाठच्या गावांतून महाविद्यालयात येतात. आपापल्या गावच्या काठावर ढासळलेल्या दरडीत खापरे, राखेचे थर, विटांची ओळ दिसली तर ती न उचलता जागा, दिवस आणि खोली टिपून ठेवावी व आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवावी. त्याला पैसा लागत नाही आणि पायाळू असावे लागत नाही. इनामगावचा शेतकरी तीन हजार वर्षे मातीखाली आपली वाट पाहत थांबला. त्याच्या शेजाऱ्यांना आपण ट्रकमध्ये घालून पाठवू नये, एवढेच म्हणणे आहे.