'फँड्री'चा दगड आणि बघ्यांचे मौन

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला, त्याला आता दशक उलटून गेले. तरीही त्याच्या शेवटाविषयीचा वाद संपलेला नाही. कैकाडी कुटुंबातील जब्या सरळ पडद्याबाहेर दगड भिरकावतो, पडदा काळा होतो आणि चित्रपट संपतो. दगड लागला कोणाला? पुढे काय झाले? ज्या काळ्या चिमणीच्या राखेने शालूचे मन वश होईल अशी त्या पोराची श्रद्धा होती, त्या चिमणीचे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शकाने दिलेले नाही.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया स्थूलमानाने तीन प्रकारच्या होत्या. प्रेमकथा म्हणून पाहायला आलेल्यांना चित्रपट अर्धवट वाटला. काहींच्या मते तो दगड केवळ चिडवणाऱ्या टवाळखोरांना मारलेला होता. सबब आपला त्याच्याशी संबंध नाही. तिसरा वर्ग म्हणाला की दगड आपल्यालाच मारला आहे, आणि तो अस्वस्थ होऊन बाहेर पडला. पण तिसऱ्या वर्गानेही स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. कचरू माने आपल्या बायकापोरांसह डुकरामागे धावतो तेव्हा पडद्यावरचे गाव हसते, आणि त्याबरोबर चित्रपटगृहातही हशा पिकतो. तो हशा कोणाचा होता?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दृश्य आणखी काही सांगते. डुकरे पकडण्याचे काम गावाला हवे आहे, लेकीच्या लग्नासाठी कचरूला पैसे हवे आहेत. वरवर पाहता हा मागणी-पुरवठ्याचा साधा व्यवहार दिसतो. परंतु जेथे काम जन्माने ठरते आणि ते नाकारण्याची सोय नसते, तेथे मजुरीला बाजारभाव म्हणणे ही फसवणूक होय. मजुरीबरोबर कचरूला अपमानही पदरात घ्यावा लागतो. ज्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे आहेत तिच्यासमोरूनच मेलेले डुक्कर वाहून न्यावे लागते.

चित्रपटातील गाव अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोळनेर आहे. त्याच जिल्ह्यात आपले सोनई आहे. मुळेच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाना झाला, शाळा-महाविद्यालये आली. पाटाचे पाणी आले की जात वाहून जाईल, असे मानणारी एक पिढी होऊन गेली. १ जानेवारी २०१३ रोजी याच सोनई परिसरात मेहतर समाजातील तीन तरुणांची निर्घृण हत्या झाली. कारण, त्यांतील एकाचे सवर्ण मुलीशी असलेले प्रेम. शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने त्यांना बोलावण्यात आले होते. जन्माने लादलेले काम हेच येथे सापळा झाले. खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली.

जामखेड तालुक्यातील खर्ड्याची कथा वेगळी आहे. 'फँड्री' प्रदर्शित होऊन अडीच महिने झाले नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेथे एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. संशय पुन्हा तोच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. पोरगा मेला हे सत्य राहिले. मारले कोणी, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही.

'फँड्री'च्या शेवटाचे कोडे येथे उलगडते, असे आम्हांस वाटते. जब्याचा दगड मारेकऱ्याइतकाच बघ्यासाठी आहे. गाव पाहते, हसते, आणि बोलावयाची वेळ आली की गप्प बसते. तथापि, या मौनाला केवळ भित्रेपणा म्हणून भागणार नाही. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, ज्याच्या शब्दावर पतपेढीचे कर्ज मिळावयाचे, त्याच्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे चूल विझवून घेणे होय. साक्षीदार फितूर होतो त्यामागे बहुधा हा हिशेब असतो. म्हणून साक्षीदाराला पोलीस संरक्षणाइतकाच रोजगाराचा आधार लागतो. तो आधार देणे हे चळवळीचे काम आहे.

निषेधाचे ठराव आपण पुष्कळ केले. खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत वर्षे जातात. त्या काळात साक्षीदाराच्या घरी किती कार्यकर्ते गेले, तारखेच्या दिवशी त्याच्याबरोबर न्यायालयाच्या आवारात कोण बसले, त्याचे काम सुटले तेव्हा दुसरे काम कोणी मिळवून दिले, याचा जमाखर्च प्रत्येक तालुका शाखेने मांडावा. 'फँड्री'चे खेळ गावोगावी अवश्य लावावेत, आणि खेळ संपल्यावर दगड कोणाला लागला याची चर्चाही व्हावी. मात्र ती चर्चा गावातल्या कैकाडी आणि मेहतर वस्तीवर, तेथल्या माणसांना पुढे बसवून व्हावी.