संधी आधी की तयारी आधी?



गेल्या आठवड्यात कचेरीतून परतताना आमच्या चाळीतला एक मुलगा जिन्यातच भेटला. बारावीला आहे. हातात मोबाईल आणि त्यावर बर्फावरची हॉकी चाललेली. आम्हाला पाहताच म्हणाला, “काका, हा बघा. एवढासा आहे, आणि अख्खा पॉवर प्ले याच्या हातात दिलाय!”

पॉवर प्ले म्हटले की आम्हाला क्रिकेटची पहिली षटके आठवतात. आम्ही तसे म्हणालो. पोरगा हसला नाही. त्याने आम्हाला पायरीवर बसवले आणि सगळे समजावून सांगितले. हातातली भाजीची पिशवी तशीच राहिली आणि घरी बोलणी बसली, ते वेगळे. पण त्याने जे सांगितले आणि नंतर आम्ही जे वाचून घेतले, ते आज या सदरात मांडावेसे वाटते. खेळ दूरदेशीचा आहे. मात्र त्यातला प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी उभा राहतो.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिका आणि कॅनडात नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. मैदान बर्फाचे, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. चेंडूऐवजी रबराची टणक चकती, ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची. पायात पाते लावलेले बूट. प्रत्येक बाजूने एका वेळी सहा जण उतरतात. एक गोलरक्षक, तीन आघाडीचे आणि दोन बचावाचे. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव.

कोणी समोरच्याला काठीने पाडले, धरून ठेवले, तर पंच त्याला दोन मिनिटे बाहेरच्या पेटीत बसवतात. त्याच्या जागी दुसरा गडी येत नाही. म्हणजे ती दोन मिनिटे पाचांविरुद्ध चार. याला म्हणतात पॉवर प्ले. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच उमजेल. समोर गडी कमी असले की चढाई करणाऱ्याला अंगण मोकळे मिळते. पण अंगण मोकळे मिळाले म्हणजे गुण मिळालाच असे होत नाही. एनएचएलमध्येही साधारण पाच पॉवर प्लेमागे एखादाच गोल होतो. म्हणून ही दोन मिनिटे कोणाच्या हाती सोपवायची, याचा प्रशिक्षक फार विचार करतात.

या दोन मिनिटांची ताकद किती, याचा एक दाखला देतो. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी माँट्रियल कॅनेडियन्स संघाच्या जाँ बेलिव्हो याने बॉस्टनविरुद्ध पॉवर प्लेमध्ये अवघ्या ४४ सेकंदांत ३ गोल केले. तेव्हा नियम असा होता की गोल झाला तरी शिक्षा झालेल्या खेळाडूने पूर्ण दोन मिनिटे बाहेरच बसायचे. माँट्रियलचा संघ त्याचा असा काही फायदा घेऊ लागला की पुढच्या, १९५६-५७ च्या हंगामापासून नियमच बदलला. दोन मिनिटांच्या शिक्षेत एक गोल झाला की बाहेर बसलेला परत येऊ लागला.

त्या माँट्रियल संघाच्या पॉवर प्लेची सूत्रे हलवणारा होता डग हार्वे. तो आघाडीचा खेळाडू नव्हता, बचावपटू होता. हे ऐकून आम्हाला नवल वाटले. गोल करायचा आहे तर बचावाच्या गड्याचे काय काम? आपल्या हॉकीत मात्र हे नवे नाही. हरमनप्रीत सिंग बचावाला उभा राहतो आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोल मारायला तोच पुढे येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने १० गोल केले आणि भारताने कांस्यपदक मिळवले.

बर्फावरच्या हॉकीत पॉवर प्लेचा हा बचावपटू सर्वांच्या मागे, मैदानावरच्या निळ्या रेषेजवळ उभा राहतो. पुढे चार साथीदार. सगळे मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. चकती त्याच्याकडे येते. डावीकडे द्यायची, उजवीकडे द्यायची, मधल्या गड्याला द्यायची की स्वतःच गोलवर मारायची, हे त्याने क्षणात ठरवायचे. चकती निळ्या रेषेबाहेर गेली तर सर्व साथीदारांना मागे येऊन चढाई पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते आणि वेळ फुकट जातो. चकती हिसकावली गेली तर त्याहून वाईट. त्याच्या पाठीमागे गोलरक्षकाशिवाय कोणीच नाही. कमी गड्यांचा संघ उलट गोल करून जातो आणि हजारो प्रेक्षकांसमोर नामुष्की पदरी येते. पूर्वी पुष्कळ संघ या जागी दोन बचावपटू ठेवीत. आता बहुतेक ठिकाणी एकच असतो, त्यामुळे जबाबदारीही एकट्यावर.

आता त्या पोराकडे येऊ. त्याचे नाव लेन हटसन. जन्म १४ फेब्रुवारी २००४, अमेरिकेतील मिशिगन राज्यात. लहानाचा मोठा झाला शिकागोजवळ. उंची नोंदीप्रमाणे ५ फूट ९ इंच. आपल्याकडे ही उंची चांगली म्हणतील, पण एनएचएलचे बचावपटू सर्रास सहा फुटांच्या वर असतात आणि एकमेकांना फळीवर आदळतात. तिथे तो लहानच. २०२२ साली नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा तो १८ वर्षांचा होता. आपली उंची अजून वाढू शकते, असे डॉक्टरांचे पत्र घेऊन तो क्लबांच्या मुलाखतींना गेला होता. वाचकहो, हे वाचताना आमचा घास अडला. दाखला खिशात घालून दारोदार हिंडणे काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पोरगा खेळायला येतो की नाही हे बर्फावर दिसत होतेच. तरी त्याला हाडांचा कागद दाखवावा लागला.

त्या निवडीत पहिले नाव माँट्रियलनेच पुकारले. ते होते स्लोव्हाकियाच्या उंचपुऱ्या यूराय स्लाफकोव्स्कीचे. हटसनचे नाव आले ६२ वे, म्हणजे त्याच्या आधी ६१ जण निवडले गेले. त्यालाही माँट्रियलनेच घेतले.

नाव लागले म्हणून तो लगेच मोठ्या संघात जाऊन बसला नाही. बॉस्टन विद्यापीठाकडून दोन वर्षे खेळला. पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण, दुसऱ्या वर्षी ३८ सामन्यांत ४९ गुण. या खेळात स्वतः केलेल्या गोलचा एक गुण, आणि पास देऊन दुसऱ्याकडून गोल घडवला तर त्याचाही एक गुण. एप्रिल २०२४ मध्ये माँट्रियलच्या हंगामातील शेवटचे दोन सामने त्याला मिळाले. खरी परीक्षा सुरू झाली ती २०२४-२५ च्या हंगामात.

त्या वेळी माँट्रियलच्या पॉवर प्लेची पहिली तुकडी माइक मॅथेसन सांभाळीत असे. तो अनुभवी बचावपटू. आदल्या हंगामात त्याने ६२ गुण मिळवले होते, म्हणजे काम चोख होते. अशा माणसाच्या हातातले काम काढून वीस वर्षांच्या पोराला कसे द्यायचे? शंका घेणारे चुकीचे बोलत होते असेही नाही. मोठ्या गड्यांपुढे हा टिकेल का? याचा फटका तितकासा जोरदार नाही, मग समोरचे याला मोकळे सोडून बाकीच्यांना अडवतील, त्याचे काय? चकती पायात घोळवण्याच्या नादात ती गमावली तर?

पण बघणाऱ्यांना आणखीही काही दिसत होते. हटसन निळ्या रेषेवर कडेकडेने सरकतो, खांदा एकीकडे झुकवतो आणि चकती दुसरीकडे पाठवतो. अडवायला आलेला गडी हुलीला फसतो आणि मधे वाट उघडते. त्याची मान वर असते, नजर चकतीवर खिळलेली नसते. उंची कमी पडते तिथे तो आधी पाहून घेतो. पॉवर प्लेच्या या जागेला जे लागते ते हेच. हंगाम पुढे सरकला तसे पहिल्या तुकडीचे काम त्याच्याकडे आले.

हंगाम संपला तेव्हा हिशेब असा होता. ८२ पैकी ८२ सामने. गोल ६, घडवलेले गोल ६०, एकूण गुण ६६. नवख्या बचावपटूने एका हंगामात ६० गोल घडवण्याचा विक्रम १९८०-८१ मध्ये लॅरी मर्फीने केला होता, त्याची हटसनने बरोबरी केली. माँट्रियलच्या नवख्या बचावपटूंत ख्रिस चेलिओसचा १९८४-८५ चा ६४ गुणांचा उच्चांक होता, तो मोडला. वर्षातील उत्कृष्ट नवख्या खेळाडूला मिळणारा काल्डर चषक त्याला मिळाला. माँट्रियलच्या खेळाडूला हा मान १९७२ मधील केन ड्रायडननंतर प्रथमच मिळत होता. हंगामाच्या सुरुवातीला तळाकडे असलेला संघ शेवटच्या सामन्यात बाद फेरीत पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लबाने हटसनशी आठ वर्षांचा नवा करार केला.

आणि मॅथेसन? त्याचे काय झाले, हे आम्ही मुद्दाम शोधले. कारण नव्याला पुढे आणायचे म्हटले की जुन्याच्या पोटात गोळा येतो. मॅथेसन अडगळीत गेला नाही. समोरच्या संघाचे तगडे खेळाडू रोखण्याचे अवघड काम त्याने अंगावर घेतले. २०२५ मध्ये क्लबाने त्याच्याशीही पुढचा करार केला.

आता प्रशिक्षकाविषयी दोन शब्द. मार्टिन सेंट लुई हे स्वतः हटसनहूनही बुटके खेळाडू. तरुणपणी त्यांची तर कोणत्याच क्लबाने निवड केली नव्हती. तरी ते एनएचएलमध्ये शिरले, २००४ साली टॅम्पा बे संघाबरोबर स्टॅनली चषक जिंकला आणि त्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरले. २०१८ मध्ये हॉकीच्या मानवंदना दालनात त्यांचे नाव लागले. ज्याला स्वतःला मापपट्टीने मोजले गेले, त्याने दुसऱ्याला मोजताना पट्टी बाजूला ठेवली, असे आम्हाला वाटते.

म्हणून सगळे आलबेल झाले असे समजू नका. २०२६ च्या मिलान हिवाळी ऑलिम्पिकसाठी अमेरिकेने जो संघ निवडला त्यात हटसनचे नाव नव्हते. एका दारात शंका मिटली, तरी पुढच्या दारात ती उभीच असते.

सांगायचा मुद्दा असा की, तयारी आणि संधी यांत आधी कोण, हा वाद घालत बसले तर दोन्ही हातचे जाते. आम्ही बी.कॉम. होऊन कचेरीत लागलो तेव्हा रोकडीचे काम मागितले होते. साहेब म्हणाले, “अनुभव नाही.” तो अनुभव कोठे मिळतो, हे साहेबांनी सांगितले नाही. चार वर्षे आम्ही आवक-जावकच्या वहीत नंबर टाकले. त्याचा राग आजही आहे.

पण खरे सांगायचे तर आम्हीही तेच केले. वस्तीतल्या आमच्या मंडळाचा जमाखर्च गेली बारा वर्षे आमच्याकडे होता. वस्तीतली एक मुलगी, तीही कॉमर्सला. दोन वर्षे विचारीत होती, “काका, यंदा हिशेब मी लिहू?” आम्ही म्हणायचो, “अजून लहान आहेस बाळा, पुढच्या वर्षी बघू.” गेल्या पावसाळ्यात आम्ही टायफॉइडने तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. पावती पुस्तके नाइलाजाने तिच्याकडे गेली. तिने हिशेब लिहिला, मागची वही ताडून पाहिली आणि ३४० रुपयांची चूक काढली. चूक आमची होती, आदल्या वर्षीची.

तीन आठवड्यांत ती पोरगी काही तयार झाली नाही. ती तयार होतीच. आमची पट्टी चुकीची होती. आम्ही तिचे वय मोजत होतो, काम पाहतच नव्हतो.

तेव्हा आईबापांना आणि आमच्यासारख्या जुन्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. पोराला पोहता येत नसताना विहिरीत ढकलू नका. हटसनही दोन वर्षे विद्यापीठात घासून आला होता. पण ज्याने घासले आहे, त्याला काठावर उभे करून वय विचारीत बसू नका. काम द्या आणि पहिली चूक झाली की लगेच हातातून हिसकावून घेऊ नका. मुलांनो, तुम्हीही ऐका. नाव ६२ वे लागले तर रुसू नका. दोन मिनिटे वाट्याला येतील तेव्हा मान वर हवी.

यंदा वही त्या मुलीकडेच आहे. मागच्या महिन्यात तिने एक पावती दोनदा चढवली. आम्हाला दिसले, आम्ही गप्प राहिलो. संध्याकाळी तिनेच शोधून दुरुस्त केली. येत्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा आहे. जमाखर्च ती वाचणार आहे. प्रश्न विचारायचे ते तिला विचारा, आमच्याकडे बघू नका.