जामीनदाराची ऐपत की ओळख?

जामीन मंजूर होऊनही माणूस तुरुंगातच राहतो, कारण त्याची हमी घ्यायला ‘ऐपतदार’ कुणी नसतो. मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खाली दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी 1978 साली हे चुकीचे ठरवून मोतीरामला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितले. तरीही 2023 च्या जानेवारीत स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळा, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

हमी मालमत्तेची नसेल आणि आरोपी फरार झाला तर काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. तारखेला आरोपी आलाच नाही तर फिर्यादीवरही अन्याय होतो. पण सातबारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला जोडणारा माणूस आरोपीला ओळखतो, हे त्या कागदांवरून कसे कळणार? पैसे घेऊन अनोळखी माणसासाठी उभा राहणारा जामीनदार त्याला तारखेला कुठून शोधून आणणार? उलट जो भाऊ, मुकादम किंवा शेजारी आरोपीचे घर, काम, बायकापोरे जाणतो, त्याच्या शब्दाला आरोपी बांधलेला असतो. न्यायाधीशांनी जामीनदाराला आधी एवढेच विचारावे: तुम्ही याला किती वर्षे ओळखता? जमिनीचा उतारा त्यानंतर बघता येईल, आणि उतारा नाही एवढ्यावरून भावाला परत पाठवू नये.