कंपवात : एका नावाची मर्यादा

आजाराला दिलेले नाव हे त्या आजारावरचे पहिले भाष्य असते. भाष्य अपुरे असेल तर पुढचे वाचनही अपुरे राहते. पार्किन्सन्सला आपण मराठीत 'कंपवात' म्हणतो. आयुर्वेदाच्या परंपरेतून आलेला हा शब्द सुटसुटीत आहे. पण त्याने आपली नजर केवळ थरथरणाऱ्या हातावर खिळवून ठेवली आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यातील रुग्ण अवघे सहा. काही तर रस्त्यात पाहिलेले. त्यांनी वापरलेल्या नावाचा अर्थही 'थरथरता पक्षाघात' असाच होता. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी त्या नावाला हरकत घेतली : सर्वच रुग्ण थरथरत नाहीत, आणि पक्षाघातासारखी त्यांची शक्तीही जात नाही. म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव सुचवले.

आज निदानासाठी आवश्यक मानले जाणारे लक्षण आहे हालचालींतला मंदपणा; कंप असेलच असे नाही. चेहरा निर्विकार होतो, आवाज खाली जातो, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. घरोघरी या साऱ्याची बोळवण 'वय झालं' या दोन शब्दांत होते. माणूस आळशी किंवा तुसडा ठरतो आणि हात थरथरत नाही म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

हालचालींच्या विकारांच्या तज्ज्ञाचे मुख्य साधन आजही पाहणे आणि ऐकणे हेच आहे. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी स्वामी या सहकाऱ्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतील तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्याची खूण होती डोळ्यांची मंदावलेली हालचाल. परंतु अशी नजर रुग्ण समोर आल्यावरच कामाला येते. पुसदहून नागपूरची वाट धरायची की नाही, हे आधी घरात ठरते. तेही वऱ्हाडीत, गोरमाटीत किंवा कोलामीत.

हे काम डॉक्टरांचे, मराठीच्या प्राध्यापकांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. उपचार निश्चितच त्यांचे. लेव्होडोपासारख्या औषधाने आजार बरा होत नसला तरी हालचाल पुष्कळ सुधारते, हे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ठाऊक आहे. पण औषधाआधी तक्रार सांगावी लागते, आणि तक्रारीला शब्द लागतात. परिभाषाकोशातील संस्कृतप्रचुर प्रतिशब्द तिथे उपयोगी पडत नाहीत.

आपले विद्यार्थी बोलींचे संकलन करतात. म्हणी, ओव्या, शेतीची अवजारे गोळा करतात. त्या प्रश्नावलीत चाल, आवाज, अक्षर आणि अंगाचे जडपण यांसाठी लोक काय म्हणतात, एवढे चार प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? 'कंपवात' हा शब्द टाकून द्यायचे कारण नाही. तो एकटाच पुरेसा आहे, ही समजूत मात्र सोडली पाहिजे.